विद्यापीठ कुठं असतं? गणेशखिंडीच्या इमारतीची गोष्ट



व्याख्यान नाशिकला आणि विषय पुण्यातल्या इमारतीचा, हे कसं काय, असं संयोजकांनी आम्हाला आधीच विचारून घेतलं. उत्तर सोपं आहे. इथे बसलेल्या बहुतेक पदवीधरांच्या घरी, कपाटात किंवा भिंतीवर, एक प्रमाणपत्र आहे आणि त्यावर पुणे विद्यापीठाचा शिक्का आहे. पण ज्या इमारतीतून या विद्यापीठाचा कारभार चालतो, तिच्या पायऱ्या तुमच्यापैकी किती जणांनी चढल्या आहेत? जरा हात वर करा. बघा, सात-आठ हात. आजचं व्याख्यान या सात-आठ हातांपासून सुरू होतं असं समजा.

आम्ही त्या पायऱ्या पहिल्यांदा चढलो ते एम.ए.च्या प्रवेशाच्या वेळी, वडिलांबरोबर. वडील निफाड तालुक्यातले शेतकरी, शाळा चौथीपर्यंत. नाशिकहून एसटीनं सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत शिवाजीनगरला उतरलो आणि गणेशखिंडीच्या रस्त्यानं पुढे गेलो. झाडीतून इमारत दिसली. लांबच लांब, करड्या दगडाची, वर उंच मनोरा. पोर्चखाली पोचलो आणि वडिलांनी वहाणा काढल्या. तिथल्या शिपायांनी ते पाहिलं. म्हणाले, "आबा, घाला वहाणा. देऊळ नाही हे." वडिलांनी घातल्या. आम्ही आत कागद दिला, शिक्का मारून घेतला, बाहेर आलो. रस्त्याला लागल्यावर वडिलांनी मागे वळून बघितलं आणि विचारलं, "हे तर साहेबाचं घर दिसतंय. विद्यापीठ कुठंय?"

आम्ही तेव्हा हसलो. पुढे तत्त्वज्ञानाच्या वर्गात गिल्बर्ट राइल वाचायला मिळाला, तेव्हा आणखी हसलो. राइलचं 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' हे पुस्तक १९४९ सालचं. त्यात ऑक्सफर्डला आलेल्या एका पाहुण्याचं उदाहरण आहे. त्याला कॉलेजं दाखवतात, ग्रंथालय, मैदानं, प्रयोगशाळा, कचेऱ्या, सगळं दाखवतात. शेवटी तो विचारतो, हे सगळं झालं, पण विद्यापीठ कुठे आहे? राइल म्हणतो, हा प्रश्नच चुकीच्या खणातला आहे. विद्यापीठ ही त्या इमारतींच्या शेजारची आणखी एक इमारत नव्हे. ते सगळं ज्या रीतीनं मिळून चालतं, तिला आपण विद्यापीठ म्हणतो. आपल्याकडे भिक्खू नागसेनानं मिलिंद राजाला रथाचा दाखला दिला, तोही याच जातीचा. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे.

वर्षानुवर्षं आम्ही वर्गात राइल शिकवला आणि वडिलांचा प्रश्न गंमत म्हणून सांगत आलो. निवृत्तीनंतर त्या इमारतीचा इतिहास सवडीनं वाचला, तेव्हा कळलं की चूक आमची होती. वडिलांनी राइलच्या पाहुण्याचा प्रश्न विचारलाच नव्हता. हे घर कोणाचं, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं होतं. त्यांना विचारायचं होतं ते एवढंच, की यात आपलं काय आहे? आता तो प्रश्न हातात धरून आपण त्या इमारतीकडे जाऊ.

आधी जागा बघा. गणेशखिंड हे नाव खिंडीतल्या गणपतीवरून पडलं. पुण्याहून खडकीकडे जाताना लागणारी ही खिंड. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच बाजूच्या माळावर खडकीची लढाई झाली. बापू गोखल्यांची फौज खिंडीच्या बाजूनं उतरली, पेशवे पर्वतीवरून पाहत होते, आणि संध्याकाळपर्यंत पुण्याचं भवितव्य ठरून गेलं. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. जिथे राज्य गेलं, त्या माळाच्या काठी अर्ध्या शतकानं नव्या राज्यकर्त्याचं घर उभं राहिलं. जागा मुद्दाम निवडली होती असं आम्ही म्हणत नाही. पण तिथल्या सज्जात उभं राहणाऱ्या गव्हर्नराला समोरचा माळ कसला आहे हे माहीत नव्हतं, असंही म्हणता येणार नाही.

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर वर्षभर एका जागी राहत नसे. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे. पुण्याजवळ दापोडीला त्याचं जुनं घर होतं. सर बार्टल फ्रिअर १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर होते. त्यांना ते घर पुरेना. १८६४ साली गणेशखिंडीत बांधकाम सुरू झालं आणि १८७१ साली संपलं, म्हणजे फ्रिअरसाहेब परत गेल्यावर चार वर्षांनी. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. मुंबईचा कोट पाडून नवी मुंबई आखली जात होती, त्या कामातलेच हे वास्तुरचनाकार.

आता १८६४ हे साल लक्षात ठेवा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं. तिकडच्या दक्षिणेतल्या कापसाची वाट बंद झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. खानदेशचा आणि वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावानं विकला जाऊ लागला. तो मुंबईला जायचा तो आपल्या जिल्ह्यातून, नाशिक-इगतपुरीवरून. थळ घाटाची चढण रेल्वेनं १८६५ साली पार केली, पण त्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. सरकारची तिजोरीही ओढगस्तीला आली. गणेशखिंडीचं काम मात्र चालूच राहिलं. खर्च सुमारे पावणेदोन लाख पौंडांवर गेला. लंडनच्या संसदेत या घरावर टीका झाली. मुंबईचे गव्हर्नर किती उधळे आहेत आणि वरिष्ठांना किती जुमानत नाहीत, त्याचा नमुना म्हणून या घराचं नाव घेतलं गेलं.

याच कापसाच्या पैशातून मुंबईत दुसरी एक इमारत उभी राहिली, तीही जाता जाता बघून घेऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. त्याच्या पदवीदान सभागृहासाठी कावसजी जहांगीर यांनी एक लाख रुपये दिले. ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी चार लाख दिले आणि मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव दिलं. दोन्हींचा आराखडा इंग्लंडमध्ये बसून गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. सभागृह १८७४ साली झालं, मनोरा १८७८ साली. म्हणजे मुंबईची इमारत पहिल्या दगडापासून विद्यापीठासाठी होती. नाशिकचं हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज १९२४ साली निघालं, तेव्हा इथल्या मुलांची पदवी त्या मुंबईची होती. आणि पुण्याची इमारत? तिला विद्यापीठ व्हायचंय हे बांधणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

इमारत तुमच्याशी कशी बोलते, ते आता बघा. मुंबईच्या विद्यापीठाची धाटणी गॉथिक आहे. टोकदार कमानी, रंगीत काचा, चर्चच्या आणि जुन्या युरोपीय विद्यापीठांच्या घराण्यातली. गणेशखिंडीची धाटणी इटालियन आहे. तिचं नातं आइल ऑफ वाइटवरच्या ऑस्बोर्न हाउसशी सांगतात. ते व्हिक्टोरिया राणीचं खासगी घर, राणीच्या नवऱ्यानं, प्रिन्स अल्बर्टनं मन घालून बांधून घेतलेलं. दोन्हीकडे गोल कमानी, मोकळे सज्जे आणि चौकोनी उंच मनोरा. म्हणजे राणी सुट्टीला जशा घरात राहते, तसं घर तिच्या गव्हर्नरानं दख्खनच्या माळावर उभं केलं. मनोरा निशाणाचा. देवळाचं शिखर लांबून दिसतं ते येणाऱ्याला बोलावण्यासाठी. निशाणाचा मनोरा लांबून दिसतो तो मालक कोण हे कळवण्यासाठी. वडिलांना वास्तुशास्त्र येत नव्हतं, पण हा फरक त्यांना कळला होता.

आत नाचघर, दरबाराचं दालन, मेजवानीची खोली. आणि इमारतीखालून स्वयंपाकघराकडे जाणारं एक भुयार. अन्न वर यावं, आणणारा दिसू नये, अशी सोय. इमारतीचा नकाशा वाचायचा तर दारांकडे बघावं, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू. या घराला एक दार होतं बग्गीतून उतरणाऱ्यांसाठी आणि एक वाट होती जमिनीखालून, ताटं वाहणाऱ्यांसाठी. ज्या मातीत कापूस पिकला, त्या मातीतल्या माणसासाठी पुढच्या बाजूनं यायची सोयच नव्हती.

आणि मग येतं १८९७ साल. पुण्यात प्लेग. रँडच्या हाताखाली सोजीर घराघरांत शिरत होते, लोक हवालदिल झाले होते. त्या वर्षातल्या दोन तारखा शेजारी ठेवून बघा.

१० मार्च १८९७. सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. आजारी माणसांची सेवा करताना त्यांना लागण झाली.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीच्या या घरात समारंभ होता. लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर होते. शहरावर प्लेगचं सावट आणि इथे रोषणाई. मध्यरात्रीनंतर पाहुण्यांच्या बग्ग्या निघाल्या आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चाफेकर १८९८ साली फासावर गेले, बाळकृष्ण आणि वासुदेव पुढच्या वर्षी. हा इतिहास आपण शाळेत शिकलो. पण शाळेत आपण तो रस्त्याचा इतिहास म्हणून शिकलो. त्या बग्ग्या कुठून निघाल्या होत्या, ते कोणी सांगितलं नाही. त्या याच पोर्चखालून निघाल्या होत्या.

आता पुढे सरकू. स्वातंत्र्य आलं. महाराष्ट्राला पुण्यात विद्यापीठ हवं ही मागणी जुनी होती. १९४८ साली कायदा झाला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पण विद्यापीठाला घर कुठे होतं? सुरुवातीला कचेरी भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये होती. १ जून १९४९ पर्यंत तिथूनच कारभार चालला. मग बाळासाहेब खेरांच्या सरकारनं गणेशखिंडीचं घर आणि भोवतीची चारशे अकरा एकर जमीन विद्यापीठाला दिली.

या निर्णयाचं मोल आज आपल्याला चटकन कळत नाही. स्वतंत्र देशाच्या नव्या सरकारला ते घर स्वतःकडे ठेवता आलं असतं. मंत्र्यांचं पावसाळी निवासस्थान, सरकारी पाहुण्यांचा बंगला, काहीही करता आलं असतं. सत्ता बदलली की राजवाड्यात नवे राजे राहायला जातात, हा जगाचा रिवाज. इथे राजवाडा शिकणाऱ्यांना दिला गेला. त्या वर्षी विद्यापीठाला जोडलेली कॉलेजं होती अठरा आणि विद्यार्थी आठ हजारांच्या वर. क्षेत्र बारा जिल्ह्यांचं, त्यात आपलं नाशिक. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं आणि क्षेत्र आटलं. पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव एवढे पाच जिल्हे राहिले. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, तेव्हा धुळे आणि जळगाव तिकडे गेले. नाशिक मात्र पहिल्या दिवसापासून आजपर्यंत गणेशखिंडीशी बांधलेलं आहे. म्हणून म्हटलं, या इमारतीवर बोलायला नाशिकच बरं.

दरबाराच्या जागी अधिसभा भरू लागल्या, दालनांना संत ज्ञानेश्वरांचं, शिवाजी महाराजांचं नाव लागलं. आणि २०१४ साली विद्यापीठालाच सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. आता १८९७ च्या त्या दोन तारखा पुन्हा आठवा. ज्या वर्षी सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांसाठी झिजून गेल्या, त्याच वर्षी ज्या घरात राणीचा सोहळा झाला, त्या घरावर आज सावित्रीबाईंचं नाव आहे. एकशे सतरा वर्षं लागली. इतिहास न्याय करतो असं आम्ही सहसा म्हणत नाही. तो करत नाही, माणसं करतात, आणि उशिरा करतात. पण इथे झाला आहे, हे मान्य करायला हवं.

मग वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? अर्धं मिळालं. घर साहेबाचं होतं, आता नाही. पण राहतं कोण? आवारात विभाग आहेत, वर्ग आहेत, जयकरांच्या नावाचं मोठं ग्रंथालय आहे, हजारो मुलं आहेत. मुख्य इमारतीत मात्र कुलगुरूंचं कार्यालय आणि कारभार. सगळ्यात देखण्या वास्तूत वर्ग नाही, कचेरी आहे. यात कुणाचा दोष काढायचा नाही, कारभाराला जागा लागतेच. पण नाचघराची फरशी जिच्या पायांना कधी लागली नाही ती मुलगी आजही फार तर एखाद्या दाखल्यासाठी तिथे येते, आणि अलीकडे तर तेही काम मोबाइलवर होतं. चांगली सोय झाली, हेलपाटा वाचला. पण पदवी घरपोच आली आणि इमारत आणखी लांब गेली.

याची दुसरी बाजूही नाशिकमध्येच आहे. राम ताकवले १९७८ ते १९८४ पुण्याचे कुलगुरू होते. याच इमारतीत बसून त्यांनी कारभार केला. पुढे १९८९ साली इथे गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं, त्याचे ते पहिले कुलगुरू. शिपाई, गृहिणी, शेतमजूर, ज्याला म्हणून कॉलेजचं दार बंद होतं, त्याच्या घरी पुस्तक पाठवायचं, ही कल्पना. राजवाड्यातलं विद्यापीठ चालवलेला माणूस भिंती नसलेलं विद्यापीठ उभारायला नाशिकला येतो, हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो. इमारतीशिवाय विद्यापीठ होऊ शकतं, हे त्यांनी दाखवलं. राइलला हे आवडलं असतं.

मग इमारत हवीच कशाला? याचं उत्तर आपल्या पांडवलेण्यांत आहे. दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. लेणं खोदून दिलं, एवढं सांगून तो थांबत नाही. तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवल्याचं तो लिहितो. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे. व्याजाचा दर सांगतो, आणि त्यातून लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंच्या वस्त्रांचा खर्च भागवायचा, हेही सांगतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा दगड. त्यावर कोणी दिलं, पैसा कुठे ठेवला, आणि कोण राहणार, तिन्ही गोष्टी कोरलेल्या आहेत. हिशोब भिंतीवरच. गणेशखिंडीच्या भिंतीवर यातलं काय वाचायला मिळतं?

आमचं म्हणणं एवढंच आहे. ती इमारत जपावी. साहेबाची म्हणून पाडू नये, आणि साहेबाची म्हणून नुसती मिरवूही नये. तिथे एक फलक लावावा आणि त्यावर हिशोब लिहावा: कापसाचा पैसा, पावणेदोन लाख पौंड, भुयारातून ताटं वाहणारे, २२ जूनची रात्र, १० मार्चचा मृत्यू, १९४९ चं दान. आणि वर्षातले काही दिवस तरी त्या दालनात वर्ग भरावा. सुरगाण्याच्या, पेठच्या, कळवणच्या मुलामुलींना एसटीनं आणावं आणि तिथे, नाचघरात, एक तास शिकवावं. कुठलाही विषय चालेल. आपल्याकडे दिंडोरी तालुक्यात शिवनईला विद्यापीठाच्या उपकेंद्राची जागा आहे. तिथल्या इमारतींबद्दलही आधी हेच विचारावं, की पुढच्या दारातून कोण येणार. मनोऱ्याची उंची नंतर ठरवता येते.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी त्या दिवशी वहाणा का काढल्या, हे आम्ही कधी विचारलं नाही. विद्येचं देऊळ समजून काढल्या असतील, किंवा साहेबाच्या दारात काढायची पिढ्यान्पिढ्यांची सवय म्हणून. पहिलं कारण असेल तर आम्हाला अभिमान आहे, दुसरं असेल तर वाईट वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असावं असा आमचा अंदाज आहे. शिपायांनी "घाला वहाणा" म्हटलं, ते मात्र विद्यापीठाच्या वतीनं बोललेलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं. त्या क्षणी विद्यापीठ तिथे, पोर्चखाली होतं. आम्हाला ते दिसलं नाही, कारण आम्ही आत कागद द्यायच्या घाईत होतो.

पुण्याला गेलात तर एकदा जाऊन या. पुढच्या दारानं जा. आता प्रश्न विचारा, आम्हाला येतील तेवढी उत्तरं देऊ.